गुडघाभर पाणी

धानाच्या रोवणीचे दिवस होते. पावसानं झोडपून काढल्यावर त्या सकाळी उघडीप दिली होती. तलाव चढून काठच्या गवतात शिरला होता आणि पलीकडच्या बांध्यांतून रोवणीच्या बायांची गाणी तुटक तुटक ऐकू येत होती. शाळेला सुटी, म्हणून लेकीला घेऊन गरी टाकायला गेले. गुडघाभर पाण्यात आम्ही दोघी उभ्या. ती माझ्यापुढे हातभर अंतरावर, फ्रॉक कमरेला खोचलेला, बांबूची काठी दोन्ही मुठींत आवळलेली. मासोळी काही लागत नव्हती. आता ही कंटाळणार, घरी चल म्हणणार, असं वाटत असतानाच ती ओरडली, "आई, पाह्य बरं, पाण्यात कुंकू सांडलं!"

गवताच्या दोन जुड्यांमधल्या मोकळ्या पाण्यात मरळीची पिल्लं होती. नखाएवढी, लालकेशरी, शेकड्यांनी. सगळी एकमेकांना खेटून. एक वर आलं की सगळी वर, एक खाली गेलं की सगळी खाली, आणि वर येताना त्यांच्या तोंडांनी पाण्याचा पृष्ठभाग बारीक थरथरायचा. मी लेकीच्या खांद्यावर हात ठेवून तिला थांबवलं. "आता खाली पाह्य. पिल्लांकडे नोको, त्यांच्या खाली." थोडा वेळ काहीच दिसलं नाही. मग तळाचा चिखलच हलल्यासारखं वाटलं. काळपट पाठ, चपटं रुंद डोकं, डोळे पुढे. मरळ हळूच वर आली, गप्पकन हवेचा घोट घेतला आणि परत पिल्लांच्या खाली जाऊन स्थिर झाली. लेकीनं श्वास रोखला होता, तो तेव्हा सोडला.

पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, आमच्याच मोहल्ल्यातला एक पोरगा उभा होता. त्यानंही लाल पिल्लं पाहिली होती. त्याच्या गरीला बेडकी लावलेली होती. ती त्यानं बरोबर पिल्लांच्या मधोमध टाकली आणि टोक हलवत राहिला. पाणी फुटलं, काठी वाकली, आणि कोपराएवढी मरळ गवतावर आपटायला लागली. "काकू, पाहा!" म्हणून त्यानं ती उचलून दाखवली. त्याचा चेहरा आनंदानं फुलला होता. मी "मोठी आहे रे" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पिल्लं क्षणभर पांगली, परत एकत्र आली आणि त्याच जागेवर वरखाली करायला लागली.

"आता त्यांच्याजवळ कोण राहील?" लेकीनं विचारलं.

"जोडीनं राहते मरळ. दुसरी असेल तिथंच." मी सांगितलं ते खोटं नव्हतं. मरळीत कधी नर-मादी दोघं पिल्लांवर राखण ठेवतात, कधी नर एकटाच. पण त्यानंतर आम्ही दोघी गरी गुंडाळून ठेवून बराच वेळ पाण्याकडे बघत राहिलो आणि दुसरी मरळ काही वर आली नाही. मरळीला हवेचा घोट घ्यायला वर यावंच लागतं, नुसत्या कल्ल्यांवर तिचं भागत नाही. म्हणजे असती तर दिसली असती. लेकीला हे मीच थोड्या वेळापूर्वी शिकवलं होतं, त्यामुळे तिनं पुढे काही विचारलं नाही. ते न विचारणंच मला अजून टोचतं.

बाबा म्हणायचे, लाल पिल्लांवर गरी टाकायची नाही. कारण ते सांगत नसत. कारण मला पुढे कळलं: पिल्लांजवळची मरळ भुकेनं गरी धरत नाही. पिल्लांच्या मध्ये जे काही आलं, बेडूक असो की बोट असो, त्यावर ती धावून जाते. एरवी मरळ चतुर असते. गरीसमोर तासन्‌तास नाक लावून बसेल, पण तोंड उघडणार नाही. पिल्लं असली की मात्र ती हमखास सापडते. लेकरांसाठी धावते म्हणून सापडते. बाबांसारख्या माणसानं, ज्याचं घर मासोळीवर चालत होतं, ती हमखास मिळणारी मरळ सोडून द्यायची ठरवलं, याचं मला आज जास्त मोल वाटतं. तेव्हा वाटायचं नाही. तेव्हा वाटायचं, समोर आहे, धरत का नाहीत? बाजारात मरळीला कटल्या-रोहूपेक्षा कितीतरी जास्त भाव. ती एक मरळ म्हणजे माझं दप्तर आलं असतं.

त्या पोराचा मला राग आला का? आला, आणि टिकला नाही. त्याच्या घरी शेत नाही. रोवणी संपली की मजुरीही संपते. त्याला त्याच्या बापानं गरी टाकायला शिकवलीच नाही, तो फोनवर बघून शिकला. फोनमध्ये मरळ कशी धरायची ते दाखवतात, कधी सोडायची ते कोणी दाखवत नाही. आणि त्या रात्री त्याच्या घरी मरळीचा रस्सा शिजला असेल, लसूण, लाल तिखट, आणि वरून थोडी आंबाडी, आमच्याकडे करतात तसा. तो वास मला इथं बसूनही येतो, आणि पोटात जे होतं ते दुःख नसतं. खरं ते लिहायला हवं. मरळ मला आवडते. माझी हाडं मरळीनं आणि झिंग्यांनी वाढलेली आहेत.

आम्ही ढिवर, मासेमारी करणारे. ढिवराच्या घरात पोरींनी गरी धरायची रीत नव्हती. पुरुष जाळं टाकणार, बाया डोक्यावर टोपलं घेऊन गावोगाव विकणार. काठच्या पाण्यात बाया हातांनी चाचपून झिंगे, शिंपले, बारीक मासोळ्या धरायच्या, पण त्याला कोणी मासेमारी म्हणत नसे. बाबा मला घेऊन गेले कारण मी मागे लागले होते आणि भाऊ लहान होता. आत्या ओसरीवरून बोलली, "पोट्टीले कायले नेते रे पाण्यात?" बाबांनी उत्तर दिलं नाही. मासोळ्या ठेवायची ढुटी माझ्या कमरेला बांधली आणि चालायला लागले.

त्यांनी आधी गरी हातात दिलीच नाही. आधी चालायला शिकवलं. पाण्यात पाय उचलून टाकायचा नाही, तळावरून सरकवत न्यायचा. अंगठा पुढे. मऊ चिखल लागला की थांबायचं, टाच रोवून पाहायची, मग वजन टाकायचं. काटेरी मासोळी पायाखाली आली तर सरकत्या पायाला ती बाजूला होते, पडत्या पायाला टोचते. पाणी अंगठ्याला थंड आणि पोटरीला कोमट लागतं, हे मला त्या चालण्यात कळलं. कुठं एकदम पूर्ण पाय थंड झाला तर समजायचं, पुढे खोल आहे, मागे फिर. बाबा मागून बोलत राहायचे, "घाई नोको. तलाव कुठं पळून जात नाही." मग गांडूळ कसं ओवायचं: टोक मोकळं सोडायचं म्हणजे ते हालतं. मग ज्वारीच्या धांड्याचा हलका तुकडा दोरीला बांधायचा, तो बुडाला की लगेच ओढायचं नाही, दुसऱ्यांदा बुडू द्यायचा. दाडक एका झटक्यात गिळते, वाम कुरतडत बसते, झिंगा नुसता ओढून ओढून त्रास देतो. धांड्याच्या हालचालीवरून खाली कोण आहे ते ओळखायचं. मी ओळखायला लागले तेव्हा बाबा नुसते हसले, पण घरी जाताना काठी माझ्या खांद्यावर दिली.

हे सगळं गुडघाभर पाण्यातलं शिक्षण. खोल पाण्यात काही शिकता येत नाही, तिथं आधी पोहता यावं लागतं.

लेकीला समुद्राचं फार वेड. टीव्हीवर कोळणी, होड्या, ओहोटीच्या वाळूत खेकडे धरणारी पोरं बघते आणि विचारते, आपल्याकडे समुद्र का नाही. आपल्याकडे समुद्र दर आठवड्याला बाजारात येतो, मी तिला सांगते. पोत्यावर पसरलेली सुक्सी, बोंबील, जवळा, त्याचा तो खारा वास आणि बाजूला मिरच्यांचा ढीग. एवढाच आमचा समुद्र. २०२३ मध्ये महाराष्ट्रानं पापलेटला राज्यमासा केलं, तेव्हा तिच्या शाळेत चित्र काढायला सांगितलं होतं. वर्गातल्या कोणत्याच पोरानं पापलेट पाहिलेलं नव्हतं. पापलेटवर माझा राग नाही, किनाऱ्यावरच्या लोकांसाठी तो मोठा मासा आहे आणि त्याची पिल्लं वाचावीत म्हणूनच हा मान दिला गेला. पण गडचिरोलीच्या खाली नदी ओलांडली की तेलंगणा लागतं, आणि त्यांनी राज्यमासा म्हणून निवडली मरळ. लेकीनं चित्रात पापलेटच काढलं, गोल, चांदीच्या रंगाचं. खाली मात्र न सांगता गवत काढलं आणि गवतात लाल ठिपके. बाईंनी विचारलं, हे काय? म्हणाली, पिल्लं.

समुद्रात पावसाळ्यात निदान बंदी असते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या आत जात नाहीत, कारण ते मासोळीच्या विणीचे दिवस. आमच्या तलावात असा कागद नव्हता. रीत होती. पहिल्या पावसात सांडव्यावरून पाणी वाहायला लागलं की मासोळ्या प्रवाहाच्या उलट चढतात, बांध्यांमध्ये जातात, तेव्हा चढणीच्या मासोळ्या सगळं गाव धरायचं. पण सगळ्या धरायच्या नाहीत, वाट पूर्ण अडवायची नाही, बांबूचा पिंजरा लावला तरी एका बाजूनं पाणी मोकळं ठेवायचं. हे कोणी लिहून ठेवलं नाही, त्यामुळे गेलं कधी तेही कोणाला सांगता येत नाही.

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात. नवेगावबांध जवळ. कोलू पाटील कोहळीनं सात डोंगरांच्या मधला तो बांध घातला, असं आमच्याकडे सांगतात. कोहळी समाजानं तलाव खोदले, धानासाठी. ढिवरांनी त्यात मासोळी राखली. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून असे हजारो तलाव. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली, तलाव सरकारचे झाले. मालगुजाराचा जाच गेला ते चांगलंच झालं. पण पाळीवरची माती कोण टाकणार, तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, कोण दुरुस्त करणार, बेशरमीची झुडपं कोण उपटणार, हे कोणाचंच काम राहिलं नाही. बेशरमीची ती गुलाबी फुलं लांबून छान दिसतात. जवळ गेलं की त्या झुडपाखाली पाण्यात काही उगवत नाही.

आमच्या मच्छीमार संस्थेनं तलाव ठेक्यानं घेतला आहे. दरवर्षी पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशव्यांत ऑक्सिजन भरून कटला, रोहू, मृगळची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, येतात आणि पाण्यात सोडली जातात. या मासोळ्या वाहत्या नदीच्या. थांबलेल्या तलावात त्या वाढतात, पण वीण देत नाहीत. १९५७ च्या १० जुलैला ओडिशातल्या अंगुलला हिरालाल चौधरी यांनी इंजेक्शन देऊन त्यांची वीण घडवून आणली, म्हणून आज गावोगाव बीज मिळतं. त्यावर हजारो घरं जगतात, माझंही जगलं. पण एक फरक लेकीला मी नेहमी दाखवते. कटला-रोहूचं बीज विकत आणावं लागतं, दरवर्षी. मरळ, दाडक, मांगूर यांचं बीज तलावच देतो, फुकट, फक्त त्यांना काठ लागतो. जिथं ऊन तळापर्यंत पोचतं, तळाला चिला ही पाणवनस्पती उगवते, पावसाचं पाणी हळूहळू चढून गवत बुडवतं, तिथंच त्या अंडी घालतात. मरळ तर गवत तोंडानं बाजूला करून वर मोकळं गोल पाणी करते आणि तिथं तिची पिवळी अंडी तरंगतात.

आणि हाच काठ चालला आहे.

२०१७ पासून तलावांतला गाळ काढून शेतात टाकायची योजना आली. गाळ साचला होता हे खरं, शेताला त्याचा उपयोग झाला हेही खरं, मी माझ्या डोळ्यांनी ते धान पाहिलं. पण मशीन तिथं खोदतं जिथं ट्रॅक्टरला यायला सोपं असतं, म्हणजे काठालाच. तलावाच्या मधला गाळ तसाच, आणि काठाला सरळ उभा कापलेला खड्डा. एका बाजूला तर आता गवत, चिखल, उतार काहीच नाही, पायाखालून जमीन एकदम संपते. बाबांनी मला जिथं चालायला शिकवलं ती बाजू तीच. तिथं लेकीला मी उतरू देत नाही. अंगठा थंड झाला की मागे फिर, हे शिकवायलाही आधी कोमट पाणी लागतं ना? म्हणून आम्ही पलीकडच्या काठाला जातो, अर्धा तलाव वळसा घालून, आणि म्हणूनच तो पोरगाही तिथंच येतो, मरळही तिथंच येते. सगळ्यांना तेवढाच उथळ तुकडा उरला आहे. त्या दिवशी गरी त्या पिल्लांवर पडली त्यात पोराची हाव जेवढी, तेवढीच या गर्दीचीही वाटणी आहे, असं मला आता वाटतं. काठ मोठा असता तर त्याला दाडकही मिळाली असती.

आमच्याच तालुक्यात ढिवर समाजातल्या बायांनी याच्यावर काम केलेलं आहे. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर बेशरम मुळापासून काढली, तलावाच्या कोरड्या तळाचा काही भाग नांगरला, दुसऱ्या तलावांतून देशी पाणवनस्पती आणून लावल्या, जसा धान रोवतात तशा, ओळीत वाकून. मला हे पाहायला मिळालं तेव्हा पहिल्यांदा हसू आलं, की आपण आयुष्यभर दुसऱ्याच्या बांधीत रोवणी केली, आता तलावात करतोय. मग पाणी आलं, चिला पसरला, आणि देशी मासोळ्या, ज्या मिळत नव्हत्या, त्या टोपल्यांत दिसायला लागल्या. पाणपक्षीही वाढले. या बायांपैकी कितीतरी जणी माझ्या आईच्या वयाच्या आहेत. कुठल्या मासोळीला कुठली वनस्पती लागते हे त्यांना विचारलं की त्या तोंडपाठ सांगतात. ज्या काठच्या चाचपण्याला कोणी मासेमारी म्हणत नव्हतं, त्यातूनच हे ज्ञान आलं.

लेक पिल्लांना विसरली नाही. पुढच्या सुटीत परत त्याच गवताकडे घेऊन गेली. पिल्लं होती. थवा लहान झाला होता, आणि तीच होती की दुसरी, ते सांगता येत नाही. राखणाऱ्या मरळीशिवाय पिल्लांना दाडक खाते, वाम खाते, बगळा खातो. तरी काही उरतात. बोटाएवढी झाली की लाल रंग जातो, पाठ काळपट होते आणि जो तो आपापल्या वाटेनं जातो. मी हे तिला सांगितलं. ती म्हणाली, "मंग आपणच धरू तिले मोठी झाल्यावर." मी म्हटलं, "हो. मोठी झाल्यावर, एकटी असताना." तिला ते पटलं. मलाही याहून चांगली रीत सांगता येत नाही.

त्या पोराशीही बोलले. रागावले नाही. बाबांची गोष्ट सांगितली. तो ऐकत होता, पायानं माती उकरत. शेवटी म्हणाला, "काकू, मी नाही टाकली तर दुसरा टाकते." हे त्याचं बरोबर आहे. एकट्यानं पाळायची रीत टिकत नसते. बाबांच्या वेळी ती टिकली कारण सगळे पाळत होते, आणि जो पाळत नसे त्याच्या घरी संस्थेची माणसं संध्याकाळी जाऊन बसत.

म्हणून दिवाळीनंतर संस्थेची सभा होईल त्यात मी दोन ठराव मांडणार आहे. एक, पावसाळ्यात लाल पिल्लांजवळची मरळ गरीनं किंवा जाळ्यानं धरायची नाही, सभासदानं नाही आणि गावातल्या कोणीही नाही. दोन, पुढच्या उन्हाळ्यात गाळ काढायला मशीन आलं तर काठापासून ठरावीक पट्टा सोडून, मधून गाळ काढायचा, आणि कापलेला काठ परत उतरता करून द्यायचा. पट्टा किती ते सभेत ठरवू, मला माहीत आहे तो: माझी लेक कमरेपर्यंत भिजेल तिथपर्यंत. आत्या आता थकली आहे, पण ओसरीवरची जागा तिनं सोडलेली नाही. हे ऐकून म्हणाली, "बायांले कोण बोलू देते वं तिथं?"

बाबांचा संस्थेतला शेअर त्यांच्यामागे माझ्या नावावर झाला आहे. सभेची नोटीस माझ्या नावानं येते.